वारसाहक्कानं जमीन-खोली नावावर आली की रेशन, लाडकी बहीण, निराधारचे पैसे बंद होतात का? सही करायच्या आधी हे वाचा

गणपतीहून परत आल्यावर आमच्या मजल्यावरच्या काकू घरी आल्या, हातात खाजाचं पुडकं आणि पुडक्याखाली एक स्टॅम्प पेपर, घडी घालून घालून मऊ पडलेला. "बाय, जरा वाच गो, भावानं सांगितलंय सही करून पाठव." वाचलं तर हक्कसोडपत्र. वडील गेल्या वर्षी गेले, गावची जमीन आणि घर यातला आपला सगळा हिस्सा काकूंनी दोन भावांच्या नावे विनामोबदला सोडायचा असा मजकूर. मी विचारलं, काकू तुम्हाला सोडायचाय का हिस्सा? तर म्हणाल्या, "सोडायचा कशाला, पण तो म्हणतो सातबाऱ्यावर नाव चढलं की माझं रेशन बंद होणार नि लाडक्या बहिणीचे पैसेपण जाणार, आता म्हणे सगळं ऑनलाइन दिसतं."

मी बिल्डिंगमधल्या लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते, लॅपटॉप आहे आणि आधी एका सीएकडे नोकरी केली होती म्हणून. हेच वाक्य मी थोड्याफार फरकानं इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलंय की आता एकदाच लिहून टाकते म्हटलं. काही भाऊ मुद्दाम घाबरवतात, काहींना खरंच तसं वाटत असतं, दोघांनाही उत्तर एकच आहे.

उत्तर असं की "प्रॉपर्टी मिळाली की योजना बंद" असा एकच सरसकट नियम कुठेही नाही. प्रत्येक योजना तुम्हाला वेगळा प्रश्न विचारते. कोणी विचारतं वर्षाला घरात पैसे किती येतात. कोणी विचारतं जमीन किती, घर केवढं. आणि कोणी फक्त एवढंच विचारतं की तुमच्या नावावर पक्कं घर आहे का, हो किंवा नाही. तुम्हाला मिळणारी योजना यातला कुठला प्रश्न विचारते ते कळलं की अर्धं काम झालं, आणि ते कळायच्या आधी कुठल्याही कागदावर सही करायची नाही, भाऊ असो नाहीतर सोसायटीचा सेक्रेटरी.

आधी कागद काढा

दोन याद्या करायच्या, वहीच्या पानावर चालतील. एका बाजूला घरात कोणाला काय मिळतं ते: रेशनकार्ड कुठल्या रंगाचं, लाडकी बहीण कोणाच्या नावावर, सासूबाईंचं श्रावणबाळ, नणंदेचं संजय गांधी निराधार, मुलाचा ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) दाखला काढलाय का, म्हाडाचा किंवा पीएम आवासचा अर्ज टाकलाय का. बऱ्याचदा लोकांना स्वतःलाच माहीत नसतं की घरात चार योजना चालू आहेत.

दुसऱ्या बाजूला वारसानं नक्की काय आलं ते. आणि इथे "गावाला जमीन आहे" एवढं पुरत नाही. सातबारा आणि आठ-अ (एका खात्यावर एकूण किती जमीन तो उतारा) काढा, डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन निघतो, नुसता बघायला तर फुकट आहे. घराचा ग्रामपंचायतीचा उतारा, मुंबईत असेल तर सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, चाळीतली खोली असेल तर भाडेपावती कोणाच्या नावावर फाटते ते.

मग हिस्सा किती ते काढायचं. काकूंच्या वडिलांच्या नावावर १ हेक्टर २० आर जमीन होती, वारस चार, म्हणजे काकूंची आई, दोन भाऊ आणि काकू. हिंदू वारसा कायद्यानं चौघांना सारखं, म्हणजे काकूंच्या वाट्याला ३० आर, साधारण ३० गुंठे, पाऊण एकर. (जमीन वडिलोपार्जित असेल तर हिशेब जरा वेगळा होतो, पण मुलीचा हिस्सा मुलाएवढाच, २००५ च्या दुरुस्तीनं ते झालं आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं हेही साफ केलं की दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क आहेच.) भाऊ फोनवर "तीन एकराची मालकीण होशील" म्हणत होता, ती तीन एकर सगळ्यांची मिळून. तुमच्या खात्यात धरायचा तो तुमचा हिस्सा.

आणखी एक गोष्ट जी खूप जणांना उलटी वाटते. सातबाऱ्यावर नाव लावलं नाही म्हणजे वारसा मिळाला नाही असं नसतं. माणूस गेला त्या क्षणी वारसांचा हक्क तयार होतो, फेरफार ही नंतरची नोंद. त्यामुळे "नाव नको लावूया म्हणजे रेशन वाचेल" ही युक्ती तशी पोकळच, आणि वर आपल्या पाठीमागे कोण काय विकतोय ते कळायचा रस्ता पण बंद.

रेशनकार्ड

सगळ्यात जास्त भीती याची, आणि सगळ्यात कमी कारण. केशरी कार्डाला वार्षिक उत्पन्न १५,००१ ते १ लाख, घरात कोणाच्या नावे चारचाकी नको (टॅक्सी चालवणारा सोडून) आणि कुटुंबाची ४ हेक्टर किंवा जास्त बागायती जमीन नको. ४ हेक्टर म्हणजे जवळजवळ १० एकर, तीही बागायती. कोकणातल्या कातळावर कोणाची १० एकर बागायत असते हो. पिवळ्या कार्डाची अट कडक आहे, २ हेक्टर जिरायत किंवा १ हेक्टर हंगामी बागायत किंवा अर्धा हेक्टर बागायत, दुष्काळी तालुक्यात याच्या दुप्पट. काकूंचे ३० आर कुठेच लागत नाहीत.

फक्त एक बघायचं. स्वस्त धान्य मिळतं ते अन्नसुरक्षेच्या प्राधान्य यादीत नाव असेल तर, आणि त्याची शहरातली मर्यादा वर्षाला ५९,००० आहे, गावात ४४,०००. म्हणजे जमिनीनं काही होत नाही पण जमिनीतून, खोलीतून पैसे यायला लागले आणि ५९,००० च्या वर गेलात तर कार्ड केशरीच राहील आणि धान्य जाईल. हे दोन वेगळे आहेत, लोक "कार्ड रद्द" म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा धान्यच म्हणायचं असतं.

मुंबईत रेशनचं काम तहसीलदाराकडे नसतं, शिधावाटप कार्यालयात असतं, हे गावाहून नवीन आलेल्यांना माहीत नसतं आणि दोन दिवस उगाच फुकट जातात.

लाडकी बहीण

पहिला जीआर २८ जून २०२४ ला आला त्यात ५ एकरपेक्षा जास्त जमीन नको अशी अट होती. आठवडाभरात ती काढून टाकली. पण व्हॉट्सअ‍ॅपवर पहिला फॉरवर्ड अजून फिरतोय आणि काकूंच्या भावाकडे बहुतेक तोच आहे. आज बघायचं ते असं: कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखाच्या आत, घरात कोणी आयकरदाता नको, कोणी कायम सरकारी नोकरीत किंवा सरकारी पेन्शनवर नको, ट्रॅक्टर सोडून चारचाकी नको, आणि त्या बाईला दुसऱ्या सरकारी योजनेतून महिन्याला १,५०० किंवा जास्त मिळत नको. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची लग्न न झालेली मुलं. माहेरचे भाऊ त्यात येत नाहीत, भावाची गाडी तुमची गाडी नाही.

म्हणजे पाऊण एकर नावावर आली म्हणून काही होत नाही. २०२५ मध्ये ई-केवायसी झाली तेव्हा पण नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागितला, सातबारा नाही मागितला.

आता यातली गंमत. जमीन नावावर आली की कोणीतरी सांगतं पीएम किसानला अर्ज टाक. आणि खरंच टाकता येतो. तिथे १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर झाली असेल तर मिळत नाही असा नियम आहे पण मालक वारल्यामुळे वारसाला आली असेल तर त्याला सूट आहे. हीच एक जागा जिथे वारसा दार बंद न करता उघडतो. वर्षाला ६,००० केंद्राचे, ६,००० राज्याच्या नमो शेतकरीचे, मिळून १२,००० म्हणजे महिन्याला हजार. पण लाडक्या बहिणीला हे हजार मिळायला लागले की तिकडून १,५०० च्या जागी फरकाचे ५०० च येतात. शेवटी महिन्याचे १,५०० ते १,५०० च. फॉर्म, ई-केवायसी, फार्मर आयडी सगळी धावपळ करून हातात तेवढेच, तेव्हा आधी हिशेब करा मग रांगेत उभ्या राहा.

निराधार आणि श्रावणबाळ: इथे मात्र जपून

संजय गांधी निराधार (६५ वर्षांपर्यंत) आणि श्रावणबाळ (६५ च्या पुढे), दोन्हीत महिन्याला १,५०० (दिव्यांगांना २०२५ पासून २,५००) आणि दोन्हीत कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत लागतं. दिव्यांगांना निराधारमध्ये मर्यादा ५०,००० आहे. २१,००० भागिले १२ म्हणजे १,७५० रुपये महिना. मुंबईत एवढ्यात एका माणसाचं दूध आणि गॅस होत नाही, पण मर्यादा तेवढीच आहे, आणि म्हणूनच वारसानं सगळ्यात आधी धक्का लागतो तो याच पैशाला.

उदाहरण घेऊ. एक विधवा बाई, निराधारचे १,५०० घेते. सासरे गेले, त्यांची सोसायटीतली वन रूम किचन, वारस तीन: दीर, नणंद आणि नवरा आधीच गेला त्याच्या जागी ही बाई (मुलं नाहीत म्हणून हिचा पूर्ण वाटा). खोली भाड्यानं दिली १२,००० महिना, वर्षाचे १,४४,०००, तिसरा हिस्सा ४८,०००. ४८,००० हे २१,००० च्या कितीतरी वर. पेन्शन जाणार, सरळ आहे. पण गेलं किती? १,५०० गुणिले १२, म्हणजे १८,०००. आलं ४८,०००. ३०,००० नी ती पुढेच आहे, आणि खोलीत मालकी आहे ती वेगळीच. तिच्या दिरानं तिला सांगितलं होतं "वहिनी पेन्शन जाईल हो तुमची, सही करून टाका." अठरा हजार वाचवायला अठ्ठेचाळीस हजार सोडायचे!

पण हाच हिशेब उलटा पण बसतो, ते पण सांगते नाहीतर तुम्ही म्हणाल ही एकाच बाजूचं बोलते. खोली रिकामी पडलीय, भाडं येत नाही, भावाभावांचं भांडण चालू आहे, तर तुमच्या हातात आलं शून्य. तेव्हा त्या खोलीचं उत्पन्न शून्यच लिहायचं. मालमत्ता आहे म्हणजे उत्पन्न आहे असं धरून स्वतःच्या तोंडानं "मला आता प्रॉपर्टी आलीय" म्हणत उत्पन्नाच्या दाखल्यावर अंदाजे आकडा टाकू नका. मी एका आजींचं असंच झालेलं बघितलंय, फॉर्म भरणाऱ्यानं "खोली आहे ना, मग भाडं येत असणार" म्हणून स्वतःच ६०,००० टाकले, आजींनी अंगठा दिला, आणि पुढच्या महिन्यापासून पैसे बंद. खोलीला कुलूप होतं चार वर्षं. परत चालू करायला सात महिने गेले.

आणि पागडीची खोली असेल तर आणखी वेगळं. पागडी म्हणजे मालकी नाही, भाडेकरूचा हक्क. भाडेकरू वारल्यावर हक्क पहिल्यांदा त्याला जातो जो त्याच्याबरोबर त्या खोलीत राहत होता, घरातलाच. लग्न होऊन विरारला गेलेली मुलगी आणि खोलीत आईबापाला सांभाळत राहिलेला मुलगा यांचं पारडं सारखं नसतं इथे, जमिनीसारखा सरळ चार भागांचा हिशेब करू नका. आणि घरमालकाला न विचारता पोटभाडेकरू ठेवला असेल तर ते भाडं दाखल्यात लिहिताना लक्षात ठेवा की तोच कागद उद्या घरमालक कोर्टात दाखवेल. खोली खाली करून घ्यायला ते कायदेशीर कारण आहे.

सोसायटीचं घर असेल तर नॉमिनी कोण यावरून घाबरू नका. नॉमिनी म्हणजे मालक नाही, वारस ठरेपर्यंत सांभाळणारा. मोठ्या भावाचं नाव नॉमिनीत आहे म्हणून घर त्याचं होत नाही, तुमचा हिस्सा जात नाही. तसंच तुम्ही नुसत्या नॉमिनी असाल तर सगळं घर "माझं" म्हणून कुठल्या फॉर्ममध्ये लिहू पण नका.

घराच्या योजना, हो की नाही

इथे हिस्सा किती छोटा हे फार कामाला येत नाही. पीएम आवास शहरीचा नियम: नवरा, बायको, अविवाहित मुलं यांच्यापैकी कोणाच्या नावे देशात कुठेही पक्कं घर नको. देशात कुठेही. गावचं वडिलांचं चिरेबंदी घर तुमच्या नावावर लागलं की प्रश्न उभा राहतो, भले तुम्ही तिथे वर्षातून दहा दिवस जाता.

म्हाडाच्या मुंबईच्या लॉटरीत मात्र बघतात ते मुंबई महापालिकेच्या हद्दीत अर्जदार, नवरा-बायको किंवा अज्ञान मुलांच्या नावे घर आहे का. गावचं घर चालतं. लालबागची खोली वारसानं नावावर आली, ओनरशिपची, तर नाही चालत. म्हाडाच्या लॉटरीत काही घरं पीएम आवासमधली पण असतात, त्यांना पीएम आवासचाच नियम, जाहिरात नीट वाचा. मला विचाराल तर एवढ्यासाठी गावच्या घरातला हक्क सोडणं वेडेपणा आहे, लॉटरी लागेल की नाही ते कोणाच्या हातात नाही आणि घर तर आज आहे.

ईडब्ल्यूएस: एक गुंठा पण जास्त होतो

हे मुलांच्या आईवडिलांसाठी. केंद्राच्या नोकऱ्या, रेल्वे, बँक, केंद्राच्या कॉलेजांची अ‍ॅडमिशन यासाठी ओपनच्या मुलांना जो १० टक्के कोटा आहे त्यात ८ लाख उत्पन्नाच्या आत असूनसुद्धा मालमत्तेवरून बाहेर काढतात. शेतजमीन ५ एकर किंवा जास्त नको, घर १,००० चौरस फूट किंवा जास्त नको, आणि रहिवासी प्लॉट अधिसूचित नगरपालिका हद्दीत १०० चौरस यार्ड, बाकी ठिकाणी २०० चौरस यार्ड. वेगवेगळ्या ठिकाणची मालमत्ता एकत्र धरतात.

आता आपण मोजतो गुंठ्यात, आणि इथेच चुकतं. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे १२१ चौरस यार्ड. तालुक्याच्या नगरपालिकेत आजोबांचा एक गुंठ्याचा प्लॉट वडिलांच्या एकट्याच्या नावावर आला की मुलगा बाहेर. गावात असेल तर दीड गुंठा चालतो (१८१ यार्ड), दोन गुंठे नाही (२४२). पाच एकर जमीन चालत नाही पण पावणेपाच चालते, आणि दीड लाखाचा दोन गुंठे एनए (बिगरशेती) प्लॉट चालत नाही, कोणी ठरवलं देव जाणे.

कुटुंब म्हणून धरतात ते उमेदवार, आईवडील, १८ च्या आतली भावंडं, आणि लग्न झालं असेल तर नवरा-बायको, १८ च्या आतली मुलं. आजोबा त्यात नाहीत. म्हणजे आजोबा हयात असेपर्यंत त्यांचा प्लॉट मोजत नाहीत, गेल्यावर वडिलांचा हिस्सा मोजतात. दाखला दरवर्षी नवा लागतो, म्हणून मागच्या वर्षी मिळाला होता तोच धरून परीक्षेचा फॉर्म भरू नका, मधे घरात कोणी गेलं असेल तर परत मोजा. डॉक्युमेंट व्हेरिफिकेशनला मुलाची निवड रद्द झाली तर त्याच्यासारखं वाईट काही नाही.

दवाखाना

याची काळजी कमी करा. महात्मा फुले जनआरोग्यमध्ये आता राज्यातलं कुठलंही कुटुंब बसतं, ५ लाखांपर्यंत, आणि ७० च्या वरच्यांना आयुष्मानला उत्पन्नाची अटच नाही. धर्मादाय हॉस्पिटलातल्या राखीव खाटांना मात्र उत्पन्न लागतं, मोफतला १ लाख ८० हजार आणि सवलतीला ३ लाख ६० हजार वर्षाला. तिथे पण प्रश्न उत्पन्नाचा आहे, जमिनीचा नाही.

विकलं तर काय

वारसानं मिळालं त्यावर टॅक्स नाही, इस्टेट ड्युटी १९८५ मध्येच गेली. पण विकलं की गोष्ट बदलते. मुंबईतली खोली विकून तुमच्या वाट्याला समजा १० लाख नफा आला, तर तो कॅपिटल गेन. दुसरं काही उत्पन्न नसेल तर नव्या टॅक्स पद्धतीत पहिले ४ लाख सुटतात, उरलेल्यावर १२.५ टक्के, आणि नेहमीची टॅक्सची सूट या नफ्याला लागत नाही. म्हणजे त्या वर्षी तुम्ही आयकर भरणाऱ्या झालात, लाडकी बहीण आणि पीएम किसान दोन्हीत प्रश्न येतो. नुसता रिटर्न भरणं आणि टॅक्स भरणं यात फरक आहे हे फॉर्मवाल्याला पण समजावून सांगावं लागतं कधीकधी.

वाचवायचे रस्ते आहेत. वडिलांनी किंवा आजोबांनी घेतली तेव्हाची किंमत धरता येते, २००१ च्या आधीची असेल तर १ एप्रिल २००१ ची बाजारभावाची किंमत धरता येते, पैसे दुसऱ्या घरात किंवा ठराविक बाँडमध्ये घातले तर सूट. गावाकडची शेतजमीन शहराच्या हद्दीपासून ठरावीक अंतराबाहेर असेल तर हा टॅक्सच नाही. विकायच्या आधी एकदा सीएला भेटा, नंतर नाही, नंतर तो पण काही करू शकत नाही.

आणि पैसे एफडीत टाकले की व्याज सुरू. १० लाखांवर ७ टक्के धरले तर वर्षाला ७०,०००. हे उत्पन्न आहे, पॅनला दिसतं. निराधारची २१,००० ची मर्यादा आणि रेशनची ५९,००० ची मर्यादा दोन्ही एका एफडीत ओलांडल्या. इथे पण तेच, ७०,००० मिळत असतील तर १८,००० चं वाईट वाटून घ्यायचं नाही, फक्त वेळेवर कळवायचं.

परदेशात असलेल्यांना मात्र हे असं सोपं नाही, त्यांनी माझा सल्ला धरू नये. एका मैत्रिणीची बहीण लंडनला, घटस्फोटित, तिकडचं युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी भत्ता) घेते. गिरगावची खोली विकून तिचा वाटा पाठवला. तिकडे उत्पन्नाबरोबर शिल्लक पण बघतात: १६,००० पाउंडाच्या वर असेल तर सगळं बंद, ६,००० ते १६,००० मध्ये असेल तर दर २५० पाउंडामागे महिन्याला ४.३५ पाउंड कापतात. इकडच्या जमिनीचा हिस्सा पण धरतात. आणि भत्ता वाचवायला मुद्दाम हिस्सा सोडला असं दिसलं तर तो सोडलेला हिस्सा तुमच्याकडेच आहे असं समजून हिशेब करतात. अमेरिकेतलं एसएसआय (गरीब वृद्ध-दिव्यांगांचा सरकारी भत्ता) तर त्याहून कडक, एकट्या माणसाला २,००० डॉलर शिल्लक, १९८९ पासून तोच आकडा. अशा बहिणीकडे हक्कसोडपत्र पाठवायच्या आधी तिला तिकडच्या सल्लागाराला विचारू द्या.

कळवायचं कसं

पैसे यायला लागले की दाखला नवा काढायचा, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, उपनगरात अंधेरी, बोरीवली, कुर्ला यातला जो तालुका तुमचा तो. स्वयंघोषणापत्रात खरा आकडा लिहायचा, खोटं निघालं तर गुन्हा होऊ शकतो आणि घेतलेले पैसे परत मागू शकतात. जे येत नाही ते लिहायचं नाही, जे येतं ते लपवायचं नाही. भाडं रोख येत असेल तरी लिव्ह अँड लायसन्सचं अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर असतं, ते दिसतं.

अर्जात तीन-चार ओळी पुरतात. "माझे वडील अमुक तारखेस वारले. अमुक गट नंबरमध्ये माझा ३० आर हिस्सा आहे. त्यापासून मला सध्या काही उत्पन्न नाही." किंवा "वार्षिक भाडे १,४४,००० पैकी माझा हिस्सा ४८,०००." सोबत मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ. हिस्सा सामाईक असेल तर "सामाईक, चार हिस्सेदार" असं ठळक लिहा, नाहीतर क्लार्क पूर्ण क्षेत्र तुमच्या नावे धरून मोकळा होतो.

आणि भावाला खरंच मनापासून द्यायचं असेल तर द्या की, कोण नाही म्हणतंय, कित्येक बायका देतात, माहेर राहावं म्हणून देतात, मी पण कदाचित देईन. फक्त हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर झालं की परत फिरवता येत नाही, आणि साध्या कागदावर सही घेतली असेल तर त्याच्यानं काही होत नाही पण भांडण लागतं. रेशन जाईल म्हणून देत असाल तर थांबा.

काकूंनी सही नाही केली. शिमग्याला गेल्या तेव्हा मृत्यूचा दाखला आणि आधार घेऊन तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज दिला, नोटीस निघाली, हरकतीचे पंधरा दिवस गेले, फेरफार मंजूर. भाऊ महिनाभर बोलला नाही, मग आंब्याची पेटी घेऊन मुंबईत आला आणि आमच्याच घरी बसून मला म्हणाला, "ताई, माझ्या बायकोचं लाडक्या बहिणीचं ई-केवायसी अडकलंय, जरा बघता का." बघितलं. रेशनचं धान्य काकूंना या महिन्यात पण मिळालं, मी मुद्दाम विचारलं.

एकच, कुठेही अर्ज दिलात की दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, तारखेचा शिक्का स्पष्ट उठलाय का तिथेच बघा. पुसट असेल तर परत मारून मागा, खिडकीवरचा माणूस वैतागला तरी.